बार जाड केला आणि गाडी सरळ गेली!

एस.ओ.एम.मधलं टॉर्शनचं समीकरण आपण सगळ्यांनीच पाठ केलंय, व्हायवाला धडाधड म्हणूनही दाखवलंय. मला मात्र त्याचा अर्थ कळला तो आंबा घाटात, भर पावसात, काकांच्या गाडीत!

गाडी जुनी, फ्रंट व्हील ड्राइव्हची. वळणावर होडीसारखी कलायची. मी तेव्हा मेकॅनिकलच्या सेकंड इयरला, म्हणजे अंगात रग असणारच. म्हटलं, पुढचा स्टॅबिलायझर बार बारीक आहे, जाड टाकू.

हा बार म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी, 'यू' आकाराची स्प्रिंग स्टीलची दांडी. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती बुशमध्ये फिरते. पण वळणावर बॉडी कलली, की तिचं एक टोक वर आणि दुसरं खाली जातं. दांडी पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते.

हा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. मी २० मि.मी.च्या जागी २२ मि.मी.चा बार बसवला. व्यास वाढला १० टक्के, पण १.१ चा चौथा घात १.४६. म्हणजे बार ४६ टक्के जास्त कडक!

हायवेला गाडी एकदम झकास. शेजारी बसलेले काकाही खूश. मग घाट लागला. डावीकडच्या एका ओल्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं. गाडी जराही कलली नाही, पण वळलीही नाही! सरळ समोरच्या लेनमध्ये गेली. समोरून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला, म्हणून आज हा लेख लिहितोय.

हॉस्टेलवर येऊन कागद-पेन्सिल घेतली. गाडी १००० किलोची, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर, दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर आणि वळणावर ०.५ जी धरा. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण १९० किलो भार सरकतो. बार कितीही जाड करा, हा आकडा जवळपास तेवढाच राहतो. त्यातला किती भार पुढच्या जोडीत सरकायचा आणि किती मागच्या, एवढंच बार ठरवतो. पुढचा बार कडक केला, की पुढचा वाटा वाढतो.

खरी गोम इथे आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. दोघांच्या ड्रॉइंग शीट्स एकाच्याच गळ्यात मारल्या, तर दुप्पट शीट्स निघतात का? तसंच! बाहेरच्या टायरला जेवढं मिळतं, त्यापेक्षा जास्त आतला गमावतो. पुढच्या जोडीची एकूण पकड घटते आणि गाडीचं नाक बाहेर पळतं. यालाच अंडरस्टिअर म्हणतात.

म्हणजे जाड बार वाईटच का? नाही. ज्या गाडीची मागची बाजू आधी घसरते, तिला तो सावरतो. काही गाड्यांत कलणं कमी झाल्याने पुढचे टायर रस्त्यावर सरळ टेकतात, तिथेही फायदा होतो. पण आधी कुठली बाजू सुटते ते बघा, मग पाना हातात घ्या.

मी जुना बार परत बसवला. झिजलेले बुश, लिंक रॉड आणि गुळगुळीत झालेले टायर बदलले. गाडी अजून थोडी कलते, पण वळते. काका म्हणाले, "अरे, कलणारी गाडी निदान सांगते तरी, आता हळू घे म्हणून!"