रंग कशाला चिकटतो?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या दक्षिणेला, खाडीला लागून माहुल हे गाव आहे. हिवाळ्यात तेथल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, म्हणून पक्षिमित्रांना ते चांगले परिचित आहे. आज मात्र आपण पक्ष्यांकडे नव्हे, अशा खाडीकाठच्या घरांच्या भिंतींकडे पाहणार आहोत.

नारळी पौर्णिमा किंवा गणपती जवळ आले की घर रंगवायची घाई होते. सणाला भिंती झकास दिसतात. पण दिवाळीच्या सुमारास रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि खर्च वाया जातो. दोष रंगाला दिला जातो. तो खरा असतो का?

सुटलेला एक पोपडा उचलून त्याची मागची बाजू पाहा. तेथे बहुधा पांढरी भुकटी, जुना चुना किंवा धूळ दिसेल. म्हणजे रंगाने आपली पकड सोडलेलीच नाही! तो ज्याला चिकटला होता, तेच भिंतीवरून सुटले. रंग भिंतीला चिकटत नाही. भिंतीवर सर्वांत वर जे असेल त्याला चिकटतो. हे एक वाक्य ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

दोन पदार्थांचे रेणू एकमेकांच्या अगदी निकट आले तरच त्यांच्यात आकर्षण निर्माण होते. ओला रंग पृष्ठभागावर पसरून बारीक खाचांत शिरतो व तेथेच वाळतो. मध्ये तेलकट थर असला तर तो नीट पसरत नाही. धूळ असली तर तिलाच धरून बसतो. म्हणून स्वयंपाकघराची भिंत आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. गुळगुळीत जुन्या तेलरंगावर पॉलिश पेपर घासतात तो खाचा पाडण्यासाठी.

आता खाडीकाठची खरी अडचण. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जमिनीतील ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी, वर चढते आणि क्षारही घेऊन येते. बांधकामात न धुतलेली खारी वाळू वापरली असेल तर क्षार आधीपासूनच भिंतीत असतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते ते यामुळेच. पाऊस सरून हवा कोरडी झाली की भिंतीतील पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढले तर ते त्याला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो.

लोणा पाण्याने धुऊ नये! पाण्यात क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पण त्याआधी ओल कोठून येते ते शोधून ती थांबवावी. नाहीतर लोणा पुन्हा येणारच.

भिंत तयार आहे की नाही, हे तुम्हीच तपासू शकता.

१. भिंतीवरून गडद रंगाचे कापड फिरवा. त्यावर पांढरी भुकटी आली तर जुनी सफेदी सुटी झाली आहे. ती खरवडून काढावी.

२. चिकटपट्टी भिंतीवर घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. तिच्याबरोबर पोपडे आले तर तो थर नवा रंग पेलणार नाही.

३. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी भिंतीवर घट्ट चिकटवा. चोवीस तासांनी आतल्या बाजूस थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे, रंगकाम थांबवा.

नव्या गिलाव्याचीही गंमत पाहा. त्यातील चुना तीव्र अल्कधर्मी असतो. तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण तयार होतो, हे तुम्ही शिकला आहात. ओल्या नव्या गिलाव्यावर तेलरंग लावला तर नेमके तेच घडते आणि रंग चिकट व मऊ होतो. म्हणून गिलावा पूर्ण वाळू द्यावा आणि अल्कलीला दाद न देणारा प्रायमर आधी लावावा. भेगा व खड्डे लांबीने भरून, ती वाळल्यावर घासून, धूळ पुसून मगच प्रायमर द्यायचा.

एक इशारा मात्र विसरू नका. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला व तो २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ श्वासातून व हातातोंडावाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला ती फार घातक असते. असा रंग मोठ्यांनी, जाणकाराच्या सल्ल्याने, ओला करूनच काढावा; धाकट्या भावंडांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

यंदा घरी रंगाची गोष्ट निघाली की डबा आणण्यापूर्वी वरच्या तीन कसोट्या करून पाहा. भिंत ओली निघाली तर सणाला ती जुन्याच रंगात राहू द्या. पाऊस संपून भिंत सुकल्यावर केलेले काम अधिक काळ टिकेल आणि घरचे पैसेही वाचतील.