कुलूप काढल्यानंतरचे दोन तास

ग्वाल्हेरच्या आमच्या भागाचे नावच ‘लष्कर’; दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ते पडले. लढाईवर गेलेल्या माणसाची वाट पाहणे आपल्या जुन्या घरांना नवे नाही. पण तेव्हा वाडा भरलेला असे. १९७१ च्या डिसेंबरात वडील पूर्व आघाडीवर, आई शाळेत शिकवायला, आणि दुपारी कुलूप काढून घरात शिरणारी नऊ वर्षांची मी एकटी.

वडिलांचा पत्ता एवढाच : ‘९९ ए. पी. ओ.’ हे गाव मी नकाशात शोधून थकले. (लष्करी टपालाचा तो नुसता आकडा, हे कुणी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.) आई येईपर्यंतचे दोन तास मी कानांनीच काढी. जिन्याशी सायकल थांबली की तारवालाच आला असे वाटून पोटात गोळा उठे. मी आतून कडी घाली. जणू तार कडीने अडणार होती! आई आली की पाढे म्हणत बसे. तिला काय सांगायचे? तीही घाबरलेलीच. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली. माझी कडी मात्र वडील सुट्टीवर येईपर्यंत सुटली नाही.

१९९९ साली, कारगिलच्या वेळी, समोरच्या सुभेदारांचा मुलगा असाच दुपारभर एकटा टी. व्ही.पुढे बसलेला दिसे. आई नोकरीला. मी धीर वगैरे दिला नाही. “लोणच्याच्या कैऱ्या पुसायच्यात, येतोस का रे?” एवढेच म्हटले. आला. तिसऱ्या दिवशी फोडींना मीठ लावताना खाली मान घालूनच म्हणाला, “काकू, तसला फोन दुपारीसुद्धा येतो का हो?”

मी परात बाजूला सारली आणि त्याला ९९ ए. पी. ओ.ची गोष्ट सांगितली.