धागा मोफत, वीण आपली : मोबाईल खेळांच्या धंद्याचा हिशेब

यंत्रमागधारक स्वतः सूत कातत बसत नाही. तयार सूत आणतो, त्यावर आपली नक्षी विणतो आणि त्या नक्षीचे पैसे कमावतो. संगणकाच्या धंद्यातही हाच रिवाज आहे. फरक एवढाच की, तिथले पुष्कळसे सूत मोफत मिळते. ज्यांची मुले-मुली सोलापुरात संगणकाचे शिक्षण घेऊन नोकरीसाठी पुण्याची वाट धरण्याच्या बेतात आहेत, अशा व्यापारी व कारागीर बंधूंसाठी या धंद्यातील एका शाखेची माहिती आम्ही येथे देत आहोत. ती शाखा म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचे मोबाईल खेळ.

या मालाला गिऱ्हाईक आहे काय? नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ हा खेळ बाजारात आणला. खेळ पचिशीच्या घराण्यातला, त्यात नवे काही नाही. नवी होती ती सोय : एक भाऊ सोलापुरात आणि दुसरा दुबईत बसून एकच डाव मांडू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघर पोचला. खेळणे मोफत, कमाई जाहिरातींची आणि खेळातल्या किरकोळ खरेदीची.

माल पोचवण्याची कला

अशा खेळात सर्वांत अवघड काम चित्रांचे नाही, निरोप पोचवण्याचे आहे. एका मोबाईलवरची चाल लहान लहान पुडक्यांनी दुसरीकडे जाते. वाटेत काही पुडकी हरवतात, काही उशिरा येतात, काहींचा क्रम उलटतो. हे सांभाळणारा कोड नव्याने लिहायला अनुभवी माणसालाही महिने लागतात. म्हणून जाणकारांनी तो लिहून सर्वांसाठी खुला ठेवला आहे. अशा तयार कोडच्या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात.

‘ईनेट’ ही त्यांपैकी एक जुनी व भरवशाची लायब्ररी. ली साल्झमन यांनी ती ‘क्यूब’ या गोळीबाराच्या खेळासाठी लिहिली. तिचे काम ट्रान्सपोर्टवाल्यासारखे आहे. फाशाचे दान हरवून चालत नाही. ते पाठवले की पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवले जाते. उलट, धावणाऱ्या खेळाडूची जागा सेकंदात अनेकदा बदलते. त्यातले एक पुडके हरवले तर त्याच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही, कारण मागून ताजे येतच असते. कोणते पुडके कोणत्या रीतीने पाठवायचे, हे ईनेटमध्ये खेळ बनवणारा ठरवतो. मूळ अर्जेंटिनात तयार झालेले आणि २०१४ साली खुले झालेले ‘गोडो’ हे खेळ बनवण्याचे साधनही मोफत आहे आणि ईनेट त्यात बसवलेलीच येते.

अटींचा कागद वाचा

मोफत म्हणजे बिनशर्त नव्हे. ईनेट व गोडो ही दोन्ही ‘एमआयटी’ परवान्याखाली मिळतात. वापरा, बदला, आपल्या खेळात घालून विका. पैसे द्यावे लागत नाहीत. फक्त मूळ लेखकाची हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. मात्र हमी कसलीच नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी येथेही लागू आहे.

‘जीपीएल’ परवान्याचा व्यवहार वेगळा. त्याखालचा कोड घालून खेळ बाहेर दिला, तर आपला मूळ कोडही त्याच अटींवर गिऱ्हाइकाला खुला करावा लागतो. शिवाय कोड मोफत मिळाला म्हणून दुसऱ्याचे नाव व बोधचिन्ह मोफत होत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या शहराला हे अधिक सांगायला नको.

आणखी एक अनुभव ध्यानात ठेवावा. ‘रॅकनेट’ ही लायब्ररी पूर्वी व्यापारी वापरासाठी विकली जाई. २०१४ साली ऑक्युलस कंपनीने ती घेऊन खुली केली. पुढे मूळ काम थंडावले. कोड खुला असल्याने इतरांना तो पुढे नेता आला. पण दुरुस्ती आता ज्याची त्याने करायची. म्हणून लायब्ररी निवडताना तिची देखभाल चालू आहे की नाही, हे आधी पाहावे.

खर्च आणि खबरदारी

खर्च उरतो तो सर्व्हरच्या मासिक भाड्याचा, जाहिरातीचा आणि बनवणाऱ्याच्या वेळेचा. गिऱ्हाईक वाढले की भाडेही वाढते. म्हणून आधी एकाच वाय-फायवर चार मोबाईल जोडून चालणारा छोटा खेळ करावा. त्याला भाड्याचा सर्व्हर लागत नाही. तो लोकांना आवडला, तरच पुढची रक्कम घालावी.

‘तयार लुडो देतो, लोक पैसे लावतील, कमिशन तुमचे’ असे सांगणाऱ्यापासून मात्र दूर राहावे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

तेव्हा मुलाने किंवा मुलीने या धंद्यासाठी भांडवल मागितले, तर चार प्रश्न विचारावेत : कोड कोणत्या परवान्याखाली घेतला? त्याची देखभाल कोण करतो? सर्व्हरचे भाडे दरमहा किती? कमाई कशातून? उत्तरे कागदावर मांडता आली, तर घरच्या माणसाला एक संधी द्यायला आमच्या मते हरकत नाही. बाहेरगावची नोकरी वर्षभरानेही शोधता येईल.