ईसीजी कोण वाचणार, डॉक्टर की एआय?

छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय. असा रुग्ण हॉस्पिटलमध्ये पोहोचला की पहिल्या 10 मिनिटांत त्याचा ईसीजी काढून वाचला गेला पाहिजे, असा वैद्यकीय नियम आहे. कारण हृदयाची रक्तवाहिनी बंद असेल, तर उशीर होईल तसा हृदयाचा स्नायू मरत जातो. पण रात्री 2 वाजता हृदयरोगतज्ज्ञ हजर असतीलच असं नाही. इथेच एआयची मदत होऊ शकते.

एआय कुठे सरस?

डॉक्टर आलेखातला 'एसटी' नावाचा भाग वर उचलला गेलाय का ते पाहतात. मात्र काही रुग्णांमध्ये वाहिनी पूर्ण बंद असूनही तो पुरेसा उचललेला दिसत नाही. 'क्वीन ऑफ हार्ट्स' या एआयच्या चाचणीत, या नेहमीच्या निकषाने वाहिनी बंद असलेल्या 100 पैकी सुमारे 32 रुग्ण ओळखले गेले, ईसीजीतल्या तज्ज्ञांनी 73, तर एआयने सुमारे 80.

तैवानमध्ये सुमारे 16 हजार रुग्णांवर अभ्यास झाला. ईसीजीवरून धोका ओळखून एआय डॉक्टरांना सूचना देत होतं. या गटात 90 दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण 3.6 टक्के राहिलं, तर सूचना न मिळालेल्या गटात 4.3 टक्के.

मग डॉक्टर कशाला?

एआयला फक्त आलेख दिसतो, रुग्ण नाही. महाधमनी फाटल्यावरही छातीत भयंकर दुखतं. तेव्हा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर जीवावर बेतू शकतं. हा फरक रुग्णाला तपासूनच कळतो. म्हणूनच एआयने इशारा द्यावा आणि निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, हेच योग्य.

तुम्ही हे लक्षात ठेवा

• छातीत दुखल्यास स्वतः गाडी चालवू नका, 108 वर फोन करा.

• जुन्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तुलना करायला डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

• पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका. दुखणं सुरू असेल तर पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी लागते.

• महिला आणि मधुमेहींना छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. धाप, मळमळ, जबडा किंवा पाठदुखी अंगावर काढू नका.

• स्मार्टवॉचचा ईसीजी हार्ट अटॅक ओळखण्यासाठी नसतो. चॅटबॉटला फोटो पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा थेट हॉस्पिटल गाठा.