विश्लेषण : रशियाचा अणुकचरा उचलायला नॉर्वेने पैसे का दिले? आणि हे सहकार्य अर्ध्यावर का थांबले?

नॉर्वेच्या सीमेपासून जेमतेम ६० किलोमीटरवर, रशियाच्या कोला द्वीपकल्पात अँड्रीवा उपसागर आहे. सोव्हिएत अणुपाणबुड्यांमधून काढलेले वापरलेले इंधन इथे अनेक दशके अत्यंत धोकादायक अवस्थेत पडून होते. ते हलवण्यासाठी नॉर्वे, ब्रिटन, इटली, स्वीडन असे अनेक देश रशियाच्या मदतीला आले. २०१७ मध्ये पहिले जहाज निघाले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास इंधन हललेही. मग २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले आणि सहकार्य थांबले. अणुकचऱ्याच्या बाबतीत देशादेशांतील सहकार्य कसे उभे राहते आणि ते कुठे तुटते, हे समजून घेण्यासाठी यापेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही.

अँड्रीवा उपसागरात नेमके काय साठवले होते?

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने सुमारे अडीचशे अणुपाणबुड्या बांधल्या. पाणबुडीच्या अणुभट्टीतील इंधन काही वर्षांनी बदलावे लागते. बाहेर काढलेले इंधन अतिशय उष्ण आणि तीव्र किरणोत्सारी असते. ते आधी काही वर्षे पाण्यात थंड करायचे आणि नंतर पुनर्प्रक्रियेसाठी पाठवायचे, अशी पद्धत होती. त्यासाठी नौदलाच्या नॉर्दर्न फ्लीटने साठच्या दशकाच्या सुरुवातीला अँड्रीवा उपसागरात तळ उभारला. तिथे कालांतराने सुमारे २२ हजार इंधनजुडगे जमा झाले. इंधनाच्या अनेक सळ्या एकत्र बांधल्या की एक जुडगा होतो. हा साठा साधारण शंभर पाणबुड्यांच्या अणुभट्ट्यांतून निघालेला होता. शिवाय घन आणि द्रव स्वरूपाचा इतर किरणोत्सारी कचरा वेगळाच.

गळती कशी झाली?

फेब्रुवारी १९८२ मध्ये तळावरील ‘इमारत क्रमांक ५’मधल्या साठवण तलावाला गळती लागल्याचे लक्षात आले. तलावातील पाणी दोन कामे करते. ते इंधन थंड ठेवते आणि किरणोत्सार अडवते. पाणी गेले तर दोन्ही संरक्षणे जातात. त्यामुळे इंधन तातडीने दुसरीकडे हलवणे भाग पडले. जवळच तीन मोठ्या काँक्रीट टाक्या होत्या. त्या मुळात द्रव कचऱ्यावरील प्रक्रियेसाठी बांधलेल्या. त्यांत उभे पोलादी पाइप बसवून, मधल्या जागेत काँक्रीट ओतून ‘कोरडी साठवण’ तयार करण्यात आली. ही सोय तीन-चार वर्षांची होती. प्रत्यक्षात इंधन तिथे तीस वर्षांहून अधिक काळ राहिले.

दरम्यान पावसाचे आणि बर्फाचे पाणी टाक्यांमध्ये झिरपले. इंधनावरील धातूचे आवरण गंजू लागले. पाण्याचा आणखी एक धोका असतो. पाणी न्यूट्रॉनची गती कमी करते, आणि मंद न्यूट्रॉन युरेनियमचे विखंडन अधिक सहजतेने घडवतात. म्हणजे इंधन गंजून तुटले, त्याचे कण एका जागी साचले आणि वर पाणी आले, तर अनियंत्रित साखळी अभिक्रियेची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.

जगाला हे कळले कसे?

सोव्हिएत काळात हा सारा प्रकार लष्करी गुपित होता. १९९६ मध्ये ‘बेलोना’ या नॉर्वेच्या पर्यावरण संस्थेने रशियाच्या नॉर्दर्न फ्लीटमधील किरणोत्सारी प्रदूषणावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. या अहवालाचे एक लेखक अलेक्झांडर निकितिन हे स्वतः माजी नौदल अधिकारी होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये रशियाच्या सुरक्षा यंत्रणेने त्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक केली. खटला जवळपास चार वर्षे चालला. डिसेंबर १९९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि पुढच्या वर्षी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अणुकचऱ्याची माहिती हा लष्करी गुपिताचा भाग की नागरिकांचा हक्क, हा या खटल्यातील कळीचा मुद्दा होता.

नॉर्वेने स्वतःचे पैसे का घातले?

नॉर्वेत एकही अणुवीज प्रकल्प नाही. दोन लहान संशोधन अणुभट्ट्या होत्या, त्याही बंद झाल्या. तरीही नॉर्वेला हा प्रश्न परका नव्हता. बॅरेंट्स समुद्रातील कॉड मासा हा नॉर्वेच्या मासेमारीचा कणा आहे. या माशांचे साठे नॉर्वे आणि रशिया सत्तरच्या दशकापासून एकत्रितपणे सांभाळतात. समुद्रात किरणोत्सार पसरला, किंवा पसरल्याची नुसती बातमी जरी आली, तरी माशांचा बाजार कोसळू शकतो. दुसरीकडे नव्वदच्या दशकात रशियाची तिजोरी रिकामी होती. खलाशांना पगार देणे जड जात असताना जुन्या कचऱ्यासाठी पैसा कुठून येणार? त्यामुळे शेजाऱ्याच्या अंगणातली सफाई स्वखर्चाने करणे हाच नॉर्वेसाठी स्वस्त पर्याय ठरला.

असे करणारा नॉर्वे एकटा नव्हता. ऑक्टोबर १९९३ मध्ये रशियन जहाजाने जपानच्या समुद्रात द्रव किरणोत्सारी कचरा ओतला, तेव्हा जपानमध्ये संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी लंडन करारातील देशांनी समुद्रात कोणताही किरणोत्सारी कचरा टाकण्यावर बंदीचा निर्णय घेतला. नुसत्या निषेधाने प्रश्न सुटणार नव्हता. तेव्हा जपानने पुढे रशियाच्या अतिपूर्व किनाऱ्यावर द्रव कचरा शुद्ध करणारा तरंगता प्रकल्प उभारायला निधी दिला.

पैसे असूनही काम का रखडले?

नॉर्वेने १९९५ मध्ये कृती आराखडा केला. २००२ मध्ये कॅनडातील कनानास्किस येथे जी-८ देशांनी दहा वर्षांत २० अब्ज डॉलर उभारण्याचा संकल्प सोडला. पाणबुड्या मोडीत काढणे हे त्यातले एक प्रमुख काम होते. मात्र अडचण वेगळीच होती. काम सुरू असताना अपघात झाला, तर भरपाई कोणी द्यायची? परदेशी कंपनी या जोखमीसाठी तयार नव्हती. मदत म्हणून आलेल्या यंत्रांवर रशियाने कर आणि सीमाशुल्क लावले तर? लष्करी तळावर परदेशी तज्ज्ञांना प्रवेश कोण देणार?

२१ मे २००३ रोजी स्टॉकहोममध्ये झालेल्या बहुपक्षीय करारात यातील बहुतेक गाठी सुटल्या. त्यात अपघाताच्या जबाबदारीपासून मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळाले आणि मदतीवर कर न लावण्याचे ठरले. त्याआधी या तळाचा ताबा नौदलाकडून नागरी अणुखात्याकडे आला होता, त्यामुळे प्रवेशाचा प्रश्नही काहीसा सोपा झाला. अणुकचऱ्याच्या सहकार्यात निधीइतकेच महत्त्व अशा रुक्ष वाटणाऱ्या कलमांना असते.

इंधन प्रत्यक्षात कसे हलवले?

आधी पायाभूत कामे झाली. नॉर्वेच्या निधीतून रस्ते, वीज, कुंपण, धक्क्याची दुरुस्ती आणि कामगारांसाठी सोयी उभ्या राहिल्या. ब्रिटन आणि युरोपीय पुनर्बांधणी व विकास बँकेमार्फत आलेल्या निधीने इंधनाच्या टाक्यांवर बंदिस्त इमारत आणि हाताळणीची यंत्रणा आली. इटलीने ‘रोसिता’ हे खास जहाज बांधून दिले. टाकीतल्या पाइपातून इंधन वर काढायचे, नव्या डब्यात घालायचे, जाड भिंतीच्या वाहतूक पिंपात बंद करायचे, जहाजाने मुर्मान्स्कला न्यायचे आणि तिथून रेल्वेने उरल भागातील ‘मायाक’ या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात पोहोचवायचे, असा हा प्रवास.

पहिली खेप २७ जून २०१७ रोजी निघाली. निरोप द्यायला नॉर्वेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री बोर्गे ब्रेंडे हजर होते. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे त्याआधी तीन वर्षे, २०१४ मध्ये, रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला होता आणि नॉर्वे रशियावरील निर्बंधांत सामील झाला होता. तरीही हे काम दोन्ही बाजूंनी राजकारणापासून वेगळे ठेवले. त्याच २०१४ मध्ये ‘के-१५९’ या बुडालेल्या अणुपाणबुडीची तपासणीही दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून केली. ही पाणबुडी २००३ मध्ये ओढून नेताना बॅरेंट्स समुद्रात बुडाली. तेव्हा नऊ जणांचा मृत्यू झाला. तिच्या अणुभट्ट्यांतील इंधन आजही समुद्रतळाशी आहे.

२०२२ नंतर काय बदलले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. नॉर्वेने अणुसुरक्षेसाठी दिला जाणारा निधी थांबवला, युरोपीय बँकेनेही रशियासाठीची दारे बंद केली. एप्रिल २०२३ मध्ये रशियाने ‘बेलोना’ला ‘अनिष्ट संघटना’ ठरवले. म्हणजे संस्थेचे रशियातील काम थांबलेच, शिवाय तिच्याशी संबंध ठेवणेही तेथील नागरिकांसाठी गुन्हा ठरले. काम स्वबळावर पुढे नेण्याची भूमिका रशियाच्या ‘रोसाटॉम’ या सरकारी अणुमहामंडळाने घेतली आहे.

तांत्रिकदृष्ट्या रशियाला हे अशक्य नाही. यंत्रणा उभी आहे, मनुष्यबळ प्रशिक्षित आहे. प्रश्न दोन आहेत. सुस्थितीतील इंधन आधी काढले जाते आणि गंजलेले, वाकलेले, तुटलेले शेवटी उरते. म्हणजे सर्वांत अवघड टप्पा आता आहे. दुसरा प्रश्न पारदर्शकतेचा. पैसे देणारा देश हिशेब मागतो, त्याचे तज्ज्ञ जागेवर येऊन मोजमाप पाहतात. पैसे थांबले की ही खिडकीही बंद होते.

आंतरराष्ट्रीय करार याला बांधील नाहीत का?

वापरलेले इंधन आणि किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षिततेसाठी ‘संयुक्त करार’ आहे. तो १९९७ मध्ये स्वीकारला गेला आणि १८ जून २००१ रोजी लागू झाला. रशिया, नॉर्वेसह ८० हून अधिक देश त्यात आहेत. ज्या देशात कचरा तयार झाला, तिथेच शक्यतो त्याची विल्हेवाट लावावी, हे त्याचे सूत्र. कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर त्या देशाची आधी संमती हवी. अंटार्क्टिकाच्या दिशेने, म्हणजे ६० अंश दक्षिण अक्षांशापलीकडे, तो पाठवायलाच मनाई आहे. दर तीन वर्षांनी प्रत्येक देश आपला अहवाल मांडतो आणि इतर देश त्यावर प्रश्न विचारतात.

करार ढिला पडतो तो दोन ठिकाणी. एक, नियम मोडणाऱ्याला दंड नाही. सारी भिस्त इतरांसमोर उत्तर देण्याच्या संकोचावर. दोन, लष्करी कार्यक्रमातील कचरा संबंधित देशाने तसे जाहीर केल्याशिवाय, किंवा तो कायमचा नागरी यंत्रणेकडे सोपवल्याशिवाय, कराराच्या कक्षेत येत नाही. जगातील सर्वांत वाईट अवस्थेतील कचऱ्यापैकी बराचसा लष्करीच आहे.

मग कायमचा उपाय कोणाकडे आहे?

सर्वांत पुढे फिनलंड आहे. एके काळी फिनलंडच्या लोविसा प्रकल्पातील वापरलेले इंधनही त्याच ‘मायाक’ला जात असे. फिनलंडने कायदा बदलून १९९६ नंतर ही निर्यात बंद केली आणि आपला कचरा आपणच पुरायचे ठरवले. ओल्किलुओतो येथे चारशे मीटरहून खोल, कठीण खडकात ‘ओंकालो’ हे भूमिगत कोठार खोदले आहे. इंधन तांब्याच्या जाड डब्यात, डब्याभोवती पाण्याने फुगणारी बेंटोनाइट माती आणि बाहेर खडक, अशी ही रचना. तिचे मूळ तंत्र स्वीडनचे. दोन्ही देशांनी अनेक वर्षे संशोधन वाटून घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये खरे इंधन न वापरता तिथे चाचणी सुरू झाली. या प्रकल्पाला स्थानिक नगरपालिकेचा नकाराधिकार होता. २००० साली युराजोकी नगरपालिकेत २० विरुद्ध ७ मतांनी होकार मिळाला, त्यानंतरच संसदेने पुढचे पाऊल टाकले.

भारत यात कुठे आहे?

भारत संयुक्त करारात सहभागी नाही. वापरलेले इंधन हा कचरा नसून त्यातील प्लुटोनियम आणि युरेनियम पुन्हा वापरायचे, हे भारताचे धोरण आहे. पुनर्प्रक्रियेनंतर उरणारा अतितीव्र किरणोत्सारी कचरा काचेत गोठवला जातो. तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम येथे त्यासाठी प्रकल्प आहेत. काचेचे हे डबे तारापूरला हवेने थंड होणाऱ्या कोठारात देखरेखीखाली ठेवले जातात. पुनर्प्रक्रियेमुळे अशा कचऱ्याचे आकारमान कमी होते, म्हणून भूमिगत कोठाराची तातडीची गरज नाही, असे सरकारचे म्हणणे आहे. मात्र गरज कधी तरी येणारच. तेव्हा जागा कोणती आणि तिथल्या गावाला विचारायचे कसे, याची तयारी फिनलंडला दोन दशकांहून अधिक काळ पुरली.

अँड्रीवाचा धडा काय?

सीझियम-१३७ची तीव्रता निम्मी व्हायला ३० वर्षे लागतात, प्लुटोनियम-२३९ला २४ हजार वर्षांहून अधिक. अँड्रीवातील इंधन साठू लागले तेव्हा सोव्हिएत संघ होता. ते गळले तेव्हाही होता. ते हलवायला सुरुवात झाली तेव्हा तो देश उरला नव्हता. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या तीन दशकांतच शत्रू मित्र झाले आणि पुन्हा शत्रू झाले. बॅरेंट्स समुद्रातला कॉड मात्र आजही सीमा न पाहता दोन्ही बाजूंना फिरतो. त्यामुळे उरलेले इंधन कोणी काढले, यापेक्षा ते काढले गेले की नाही हे शेजाऱ्याला खात्रीने कळण्याची सोय पुन्हा कधी सुरू होते, याकडे नॉर्वेच्या मच्छीमारांचे लक्ष असेल.