लग्नाचा विमा काढायचा का?

सकाळी साडेसात
मी विम्याचं काम करते. चहा उकळत असतानाच सिन्नरच्या एका काकांचा फोन. "ताई, धाकटीचं लग्न मेच्या शेवटाला धरलंय, नाशिकला गंगापूर रोडच्या लॉनवर. मुलगा म्हणतो विमा काढू, घरातली म्हणतात अपशकुन कशाला?" काकांना म्हटलं, अकराला या. येताना आगाऊ दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि पत्रिका आणा.

मे म्हणजे उघड्यावरचं लग्न बिनघोर, हे आता धरून चालता येत नाही. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला. तिथली नेहमीची तारीख ११ जून.

दहा
गाड्यांच्या पॉलिसींची नूतनीकरणं.

अकरा
काका-काकू आणि मुलगा आले. लॉनची पावती पक्की. आचाऱ्याची मात्र वहीच्या फाडलेल्या पानावर, "आगाऊ ८०,०००", खाली ना सही ना तारीख. क्लेम आला की नुकसान तपासणारा सर्व्हेअर विचारणार, किती दिले, परत किती मिळाले? न मिळालेल्या रकमेचाच क्लेम होतो, आणि तो या कागदावर टिकत नाही.

काकूंनी विचारलं, "मुलाकडच्यांनी ऐनवेळी मोडलं तर?"

नाही मिळत. मन बदललं, मानपानावरून बिनसलं, तर विमा कंपनी काही देत नाही. घरातल्या आजींचं हृदयाचं जुनं दुखणं आणि साथीचे रोग बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. पाहुणे पावसात भिजले म्हणूनही पैसे येत नाहीत. आग, पूर, भूकंप यांमुळे जागाच वापरता येईना, किंवा वधू-वर वा जवळच्या रक्ताच्या नात्यातलं कुणी अचानक दवाखान्यात दाखल झालं आणि लग्न पुढे ढकलावं लागलं, तर पैसे मिळतात. मांडव कोसळून कुणाला इजा झाली, तर ती भरपाईही त्यात घेता येते.

हप्ता साधारण विमा रकमेच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी. म्हणून सगळ्या खर्चाचा विमा काढू नका. बुडू शकणारी आगाऊ रक्कम आणि मांडव-सजावट, एवढ्याचाच काढा.

अपशकुनाचं काकूंना मनापासून सांगितलं. पहिली पत्रिका आपण गणपतीपुढे ठेवतो ती कार्य निर्विघ्न पार पडावं म्हणूनच ना? मग विघ्नाचा विचार आधी करण्यात वावगं काय?

दुपारी अडीच
दुसरं कुटुंब. समाजाच्या सभागृहात मोजक्या माणसांचं लग्न, महिनाभर आधी कळवलं तर सभागृह पैसे परत देतं, जेवण घरचेच लोक करणार. त्यांना विम्याची गरज नाही. तसं स्पष्ट सांगितलं.

साडेचार
विमा काढलेल्या एका घरचा फोन, मंगल कार्यालयातून दागिन्यांची पिशवी गेली. पिशवी स्टेजमागच्या खुर्चीवर होती, जवळ कुणी नव्हतं. आधी एफआयआर करा म्हटलं. पण बेवारस ठेवलेल्या सोन्याचा क्लेम मान्य होणं फार कठीण, हेही लपवलं नाही. फोनवरच्या माउलीचा कंठ दाटून आला. दागिने कुलपात किंवा घरच्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असायला हवेत, हे त्यांना पॉलिसी देताना कुणी सांगितलंच नव्हतं.

साडेसहा
आचाऱ्याने लेटरहेडवर सहीनिशी पावती दिली, असा सिन्नरहून निरोप. फॉर्म भरून ठेवला.

विमा घ्या अथवा घेऊ नका, पण आगाऊ रक्कम हातावर ठेवण्याआधी सही-तारखेची पावती आणि लग्न रद्द झालं तर किती परत मिळणार, हे लिहून घ्या.