डोळ्यांच्या वाट्याचं पाणी

नायगारा म्हटलं की मनात एकच चित्र येतं: कुणाच्याही ताब्यात नसलेलं, बेफाम कोसळणारं पाणी. प्रत्यक्षात या पाण्याचा हिशेब घड्याळ लावून ठेवलेला असतो.

परदेशी मुलाकडे गेलो असताना आम्ही सगळे कॅनडाच्या काठावरून तो पाहत होतो. समोर घोड्याच्या नालेसारखा वाकलेला, सुमारे ५७ मीटर उंचीचा मोठा धबधबा. पलीकडे अमेरिकेच्या बाजूचे दोन. अंगावर तुषार येत होते. पत्नीच्या तोंडून ‘सुभानल्लाह’ निघालं. सात वर्षांच्या नातीनं मात्र विचारलं, “दादाजान, रात्री हे पाणी बंद करतात का?” सगळे हसले. मुलगा म्हणाला, “अब्बा, तिचं अगदीच चूक नाही. बंद करत नाहीत, पण कमी करतात.”

ते कसं, तेच सांगतो. नायगारा नदी ईरी सरोवरातून निघून ऑन्टारिओ सरोवराला मिळते. धबधब्याच्या वरच्या अंगाला दरवाजे असलेला बांध आहे. तिथलं पाणी बोगद्यांतून दोन्ही देशांच्या वीजकेंद्रांकडे वळवतात. किती वळवायचं, हे अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९५० च्या करारानं ठरलं. एप्रिल ते ऑक्टोबर या पर्यटकांच्या मोसमात, दिवसा, धबधब्यावरून सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर, म्हणजे सुमारे २८ लाख लिटर पाणी सोडलंच पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं चालतं. नदीतून येणारं पाणी सरासरीनं २८ लाख लिटरच्या दुप्पट असतं. म्हणजे भर दिवसाही आपण जवळपास अर्धाच नायगारा पाहतो!

याचा एक फायदाही झाला. इथला वरचा खडक कठीण, खालचा मऊ. मऊ खडक झिजला की वरचा तुटून पडतो. अशा रीतीनं गेल्या सुमारे १२,००० वर्षांत धबधबा ११ किलोमीटर मागे सरकला. पाणी वळवल्यापासून ही झीज बरीच मंदावली आहे.

धबधबा पाहण्याचा हक्कही लोकांना सहज मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या काठावरची जमीन खासगी मालकांकडे होती. त्यांनी कुंपणं घातली. पाहायचं तर पैसे मोजा! लोकांनी चळवळ केली. अखेर १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं ती जमीन ताब्यात घेऊन सर्वांना विनामूल्य खुली केली.

१९५० च्या करारात तर, नायगाऱ्याचं सौंदर्य जपणं आणि वाढवणं हे दोन्ही देशांचं आद्य कर्तव्य असल्याचं प्रस्तावनेतच म्हटलं आहे. आम्ही कवी ‘सौंदर्य’ हा शब्द सढळ हातानं वापरतो. तो सरकारी कागदावर आला आणि पुढे घनमीटरांत मोजला गेला, याचं मला अप्रूप वाटलं.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात शरावतीवर १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण झालं. तेव्हापासून पावसाळा सरला की गिरसप्प्याचा धबधबा क्षीण होतो. वीज हवीच; तिच्यावाचून कुणाच्या घरात दिवा लागणार? पण पाण्याची वाटणी करताना शेताचा, घराचा, कारखान्याचा वाटा आपण आकड्यांत लिहितो. डोळ्यांचा वाटाही तसाच लिहून ठेवला, तरच तो उरेल. नुसत्या कौतुकावर धबधबे वाहत नाहीत.